मुलीच्या कॉलेजचे पैसे आणि मर्यादित आवृत्तीची गाडी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने विचारलं आहे: "वय ४७, आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. डीलर मर्यादित आवृत्तीची एक स्पोर्ट्स कार द्यायला तयार आहे. किंमत २ लाख ९० हजार डॉलर. पहिलं वर्ष लीझ, मग गाडी माझ्या नावावर. मित्र म्हणतो, पुढे लगेच विकलीस तरी लाखभर डॉलर सुटतील. मुलीच्या ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून) १ लाख १० हजार काढायचे आणि उरलेल्यासाठी घरावर कर्ज घ्यायचं, असा विचार आहे. शाळेत वहीच्या कव्हरवर मी हीच गाडी काढायचो. घेऊ का?"

या पद्धतीने घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमची हौस खरी आहे आणि एका शब्दात नकार देऊन ती उडवून लावणं मला बरं वाटत नाही.

"पहिलं वर्ष लीझ", म्हणजे पहिलं वर्ष गाडी भाड्याने, ही अट नीट पाहा. २०२३ मध्ये पोर्शने ९११ एस/टी आणली, फक्त १,९६३ गाड्या. अमेरिकेतल्या ग्राहकांना तीही आधी वर्षभर लीझवरच घ्यावी लागत होती. वर्षभर गाडी कागदोपत्री तुमची नसते, म्हणजे तुम्ही ती विकू शकत नाही. तुमच्या मित्राने सांगितलेला धंदा रोखण्यासाठीच ही अट असते.

मग कंपनी सरळ किंमतच का वाढवत नाही? मधला नफा तिलाच मिळेल की! हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. किंमत बाजारभावाइतकी ठेवली तर पैसेवाला कोणीही येऊन गाडी घेऊन जाईल आणि रांग मोडेल. रांग हीच तर कंपनीची खरी मिळकत. मोजक्या गाड्यांसाठी नाव लागावं म्हणून लोक आधी त्याच कंपनीच्या साध्या गाड्या घेतात, त्यावर महागडे पर्याय बसवून घेतात, वर्षानुवर्षं त्याच डीलरकडे जातात. कमी किमतीत मिळालेली दुर्मीळ गाडी हे त्या निष्ठेचं बक्षीस असतं. ते घेणाऱ्याने पुढच्याच महिन्यात लिलावात नेलं, तर दहा वर्षं थांबलेला ग्राहक दुखावतो आणि कंपनीची पुढची गाडी विकणं अवघड होतं.

म्हणून कंपन्या कोर्टातही जातात. फोर्ड जीटी घेणाऱ्यांना दोन वर्षं गाडी न विकण्याची अट होती. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याने ती लवकर विकली, तेव्हा २०१७ मध्ये फोर्डने त्याच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली. आणि त्याच २०१८ मध्ये फोर्डने स्वतः ठरवलेला १,००० गाड्यांचा आकडा वाढवून १,३५० केला! ग्राहक करारात बांधलेला आणि कंपनी मोकळी. तुम्ही ज्या दुर्मीळपणावर पैसे लावायला निघालात, त्याची चावी तुमच्याकडे नाही.

करार न मोडताही भाव उतरवता येतो. २०१६ ची पोर्श ९११ आर घ्या: ९९१ गाड्या, अमेरिकेत मूळ किंमत १,८४,९०० डॉलर. हाताने बदलायचे गिअर आणि मागे मोठा पंख नाही, यासाठी लोक वेडे झाले. काही महिन्यांत दुपटीहून जास्त भाव सांगितला जाऊ लागला. २०१७ मध्ये कंपनीने ९११ चीच जीटी३ टूरिंग ही आवृत्ती आणली. तेच मॅन्युअल गिअर, तसाच पंखाविना तोंडवळा, आणि संख्येचं बंधन नाही. ९११ आरचा चढलेला भाव खाली आला. मूळ खरेदीदार तरीही नफ्यात राहिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फटका बसला तो चढ्या भावात शिरलेल्यांना. जॅग्वार एक्सजे२२० ची गत आणखी वाईट. १९८९ च्या तेजीत लोकांनी ५०,००० पौंड अनामत भरली. १९९२ मध्ये गाड्या तयार झाल्या तोवर मंदी आली होती, आणि करारातून सुटण्यासाठी काही ग्राहकांचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

आता तुमचा हिशेब. ५२९ मधले पैसे शिक्षणाशिवाय काढले तर वाढीव रकमेवर आयकर आणि वर १० टक्के दंड. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे या किमतीवर जवळपास १९,००० डॉलर. शिवाय लीझचे हप्ते, विमा, घरावरच्या कर्जाचं व्याज. गाडी नावावर झाल्यावर लगेच विकली तर नफ्यावर पगारासारखाच कर लागेल. आणि स्वतःच्या वापराची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात वजा होत नाही. मित्राच्या लाखातून हे सगळं वजा करा. शिवाय भाव जपायचा म्हणजे मैल वाढू द्यायचे नाहीत. वहीवर काढलेली गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलीची चारही वर्षांची फी बाजूला निघाली, घर गहाण टाकावं लागलं नाही आणि सगळी रक्कम बुडाली तरी झोप उडणार नाही अशी स्थिती असती, तर मीच म्हणालो असतो, घ्या आणि मनसोक्त चालवा. आज ती नाही. तीन-चार वर्षं जुनी साधी ९११ बघा, या किमतीच्या बऱ्याच खाली मिळेल. बायकोला आणि मुलीला शेजारी बसवून एकदा चालवून या. त्यानंतरही मन त्याच गाडीवर अडकलं असेल तर सही करण्याआधी लीझचा करार मला पाठवा, विशेषतः गाडी परत विकण्याबद्दलचं कलम.