नैराश्याचा जनुकीय स्कोअर ‘९२’ आला, आता?

प्रश्न : माझे थोरले दीर आत्महत्येने गेले. आता त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, लाळेची किट मागवून जनुकीय चाचणी केली. अहवालात नैराश्याचा पॉलिजेनिक रिस्क स्कोअर ‘९२ पर्सेंटाइल’ आलाय. म्हणजे तिला ९२ टक्के धोका आहे का? आत्महत्येचा धोका सांगणारी चाचणीही करून घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ९२ टक्के धोका मुळीच नाही, आणि दुसरी चाचणीही नको.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा: शंभरातल्या सुमारे ९२ जणांचा स्कोअर तिच्यापेक्षा कमी, एवढेच. जनुकसंचातल्या हजारो ठिकाणचे फरक वाचायचे, संशोधनातून ठरलेल्या वजनाने गुणायचे आणि बेरीज करायची, हा झाला स्कोअर. मग तो एका संदर्भगटाशी ताडून क्रमांक देतात. घोळ इथेच होतो. ही वजने बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेली आहेत, आणि संदर्भगटही तोच असेल तर भारतीय माणसाचा क्रमांक निव्वळ वंशामुळे वर-खाली सरकतो. तो ९२ आजाराचा नसून गटाचाही असू शकतो. संदर्भगट कोणता, हे अहवालात शोधा. बहुधा बारीक अक्षरात असते.

बरे, युरोपीय लोकांतही २०२५च्या मोठ्या अभ्यासात एकाला नैराश्य येते आणि दुसऱ्याला नाही, या फरकातला जास्तीत जास्त ५.८ टक्के भाग या स्कोअरने उलगडला. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत हा आकडा १ टक्क्याच्या आसपास घुटमळतो.

गणितच करून बघा. भारतात २०२२ मध्ये आत्महत्यांचे नोंदलेले प्रमाण लाखात सुमारे १२ होते. समजा, चाचणीने त्या लाखातले सर्वांत जास्त स्कोअरचे १० हजार लोक निवडले आणि त्यांचा धोका खरोखर दुप्पट निघाला. तरी वर्षभरात त्यांतले दोन-तीनच जण दगावतील. उरलेले नऊ-दहा मृत्यू ‘कमी धोक्या’च्या गटात होतील. त्यामुळे कमी स्कोअर पाहून निर्धास्त होणे तर जास्तच घातक.

पुतणीची झोप, भूक, अभ्यासातले लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडले असेल तर डॉक्टरांकडून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी करून घ्या. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ‘मरावंसं वाटतं का गं?’ असे तुम्हीही सरळ विचारू शकता. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तोवर घरातली कीटकनाशके आणि जास्तीची औषधे कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीत बोलता येते. डॉक्टरांना स्कोअर दाखवला नाही तरी चालेल, वडिलांबद्दल मात्र आवर्जून सांगा.