चेन सॉ पेट्रोल ओढत नाही

प्रश्न : संत्र्याची सल (वाळलेल्या फांद्या) काढायला घेतलेली चेन सॉ पावसाळाभर पडून होती. आता दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण सुरू होत नाही. टाकी भरलेली, प्लग मात्र ठणठणीत कोरडा. कार्ब्युरेटर बदलू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : एवढ्यात नको. प्लगच्या भोकात पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेलाच्या ताज्या मिश्रणाचे चार-पाच थेंब टाका, प्लग बसवा आणि ओढा. दोन सेकंद फटफटून बंद पडली, तर ठिणगी ठीक आहे. पेट्रोलच पोचत नाही.

आधी टाकीचं झाकण सैल करून पाहा. लगेच सुरू झाली तर हवेचं छिद्र बुजलंय.

नाहीतर तारेच्या आकड्याने टाकीतली नळी बाहेर ओढा. टोकाचा फिल्टर काळा पडला असेल तर सरळ बदला, धुण्यात वेळ घालवू नका. नळी बोटांत वाकवून बघा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी केसाएवढी चीर असली तरी कार्ब्युरेटरमधला पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलं की रबर असंच खराब होतं.

नळी धड असेल, तरच कार्ब्युरेटर उघडा. पंपाचा पडदा मऊ हवा. कागदासारखा करकरला तर गेला. आतली बारीक जाळीही तपासा. दुरुस्ती किट आणताना कार्ब्युरेटरवरचा नंबर लिहून न्या, नाहीतर दुकानाच्या दोन खेपा ठरलेल्या. बाहेरचे स्क्रू उगाच फिरवू नका.

जुनं पेट्रोल काढून टाका. 50:1 मिश्रणाला 1 लिटर पेट्रोलमध्ये 20 मिली टू-स्ट्रोक तेल. प्रमाण मात्र तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतलंच धरा.