नावाजलेल्या विज्ञानकादंबऱ्या आणि फॅन्टसी वाचून संपल्या. दुर्लक्षित राहिलेल्यांपैकी काय वाचावं आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नेहमीच्या याद्यांमध्ये नसलेली नावं सांगा, आणि ती पुस्तकं हातात घेतल्यावर अर्धवट सुटू नयेत म्हणून काय करावं तेही सांगा. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या कादंबऱ्या मागे पडल्या त्याची कारणं बऱ्याचदा अगदी व्यवहारी आहेत: एखादीचा अनुवाद कच्चा, एखादीचे हक्क अडकलेले, एखादीची पहिली पन्नास पानं वाचकाला पळवून लावणारी. म्हणून पुस्तकाबरोबर आवृत्ती कुठली घ्यायची आणि वाचक कुठे अडखळतो, हे दोन्ही सांगतो.

सुरुवात पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमपासून करा. ‘सोलारिस’ ऐकून सगळ्यांना माहीत असते. पण तिचा १९७० चा इंग्रजी अनुवाद मूळ पोलिशवरून झालेलाच नव्हता, फ्रेंच अनुवादावरून झाला होता. थेट पोलिशवरून इंग्रजी यायला २०११ उजाडलं. ‘द इन्व्हिन्सिबल’चीही (१९६४) तीच गत. १९७३ चा इंग्रजी अनुवाद जर्मनवरून आलेला, २००६ चा बिल जॉन्स्टन यांचा थेट पोलिशवरून. जॉन्स्टन यांचाच घ्या. गोष्ट सरळ आहे: एका ओसाड ग्रहावर एक यान बेपत्ता होतं, त्याच्या शोधात दुसरं जातं. तिथं गाठ पडते माशीएवढ्या यंत्रांशी. एकेकटं यंत्र मठ्ठ, पण थवा जमला की त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि यामागे कुणाची बुद्धी नाही, नुसती उत्क्रांती. पानं थोडी, वेग चांगला.

ती आवडली तरच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’कडे (१९६८) वळा. अवकाशातून न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात एक संदेश येतो आणि वाळवंटात बंदिस्त ठेवलेले शास्त्रज्ञ तो उलगडायला बसतात. उलगडत काहीच नाही, आणि तोच कादंबरीचा विषय आहे. यात वाचक गळतो तो अगदी पहिल्या भागात, कारण निवेदक असलेला गणितज्ञ आधी स्वतःच्या दुष्टपणाची लांबलचक चिरफाड करत बसतो. कंटाळा आला तर तेवढा भाग चाळा आणि पुस्तक संपल्यावर पुन्हा वाचा; तेव्हा तो कशासाठी होता ते कळतं. संवाद जवळपास नाहीत, त्यामुळे झोपताना दहा-दहा पानं वाचायचं हे पुस्तक नव्हे. एका बैठकीत निदान एक प्रकरण संपवा.

रशियन लेखक स्त्रुगात्स्की बंधूंच्या बाबतीत आवृत्तीचा प्रश्न आणखी चिघळलेला आहे. ‘हार्ड टू बी अ गॉड’ (१९६४) इंग्रजीत १९७३ मध्ये आली तीही जर्मनवरून. रशियनवरून केलेला चांगला अनुवाद ओलेना बोरमाशेंको यांचा, २०१४ चा. ‘द डूम्ड सिटी’ त्यांनी १९७२ मध्ये लिहून पूर्ण केली आणि लपवून ठेवली, कारण छापली जाण्याची शक्यताच नव्हती. रशियनमध्ये ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी छापली गेली, इंग्रजीत २०१६ मध्ये. मात्र या लेखकांची ओळख तिच्यापासून करून घेऊ नका. ती जाड आहे, आणि त्या शहराचे नियम कुणी समजावून सांगत नाही.

आता ज्या पुस्तकावर सगळ्यात जास्त अन्याय झाला असं मला वाटतं ते: कॅथरिन बर्डेकिन यांची ‘स्वस्तिका नाइट’, १९३७. साल पुन्हा वाचा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी लिहिलेली ही कादंबरी नाझी विजयानंतर सुमारे सातशे वर्षांनी घडते. हिटलर आता देव आहे, उंच आणि सोनेरी केसांचा. खरा इतिहास जाळून टाकलेला आहे. बायकांना कोंडवाड्यात ठेवून फक्त प्रजननासाठी जगवलं जातं. ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ यायला अजून बारा वर्षं अवकाश होता. पुस्तक ‘मरे कॉन्स्टन्टाइन’ या पुरुषी टोपणनावानं निघालं आणि लेखिका कोण हे ऐंशीच्या दशकापर्यंत वाचकांना ठाऊक नव्हतं. अडचण मधल्या भागात येते: एक वृद्ध सरदार एका इंग्रज तरुणाला इतिहास सांगत बसतो आणि घटना थांबतात. तो भाग ओलांडू नका. तिथल्या एका जुन्या छायाचित्राच्या प्रसंगात, देवाचा खरा चेहरा पाहिल्यावर, अख्ख्या कादंबरीचा कणा सापडतो. त्याच काळातली स्वीडिश ‘कॅलोकेन’ (१९४०, कारिन बोये) हिला जोडून वाचा. मनातलं वदवून घेणारं औषध शोधणारा रसायनशास्त्रज्ञ स्वतःच त्या औषधाला कसा घाबरतो, एवढंच कथानक. आटोपशीर आणि जास्त रेखीव.

ओलाफ स्टेपलडन यांची ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ (१९३०) दोन अब्ज वर्षं आणि मानवाच्या अठरा जाती यांचा इतिहास सांगते. पहिली चार प्रकरणं सरळ सोडून द्या. त्यात लेखकानं नजीकच्या राजकारणाची भाकितं केली आहेत, ती लगेचच खोटी ठरली, आणि बहुतेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. पाचव्या प्रकरणापासून सुरू केलं तर काहीही अडत नाही. पण इतिहासाची पानं नको असतील, कुणीतरी हाडामांसाचं पात्र हवं असेल, तर त्यांची ‘सिरियस’ (१९४४) घ्या: माणसाएवढी बुद्धी असलेला कुत्रा आणि त्याच्याबरोबर वाढलेली मुलगी. स्टेपलडनची सगळ्यात हळवी कादंबरी हीच, आणि तरीही नाव मात्र नेहमी बाकीच्यांचंच निघतं.

फॅन्टसीकडे येतो. होप मिर्लीस यांची ‘लड-इन-द-मिस्ट’ (१९२६) ही व्यापाऱ्यांच्या एका सुखवस्तू, आळसावलेल्या शहराची गोष्ट आहे. शेजारच्या परीराज्यातून चोरून फळं येतात आणि ती खाणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. शहराला त्या फळांची इतकी लाज की कायद्यात त्यांचं नावच घेत नाहीत. खटले चालतात ते रेशमी कापडाच्या तस्करीचे! सुरुवात संथ आणि काहीशी लाडिक आहे, पण महापौराच्या मुलानं फळ खाल्ल्यावर रंग बदलतो, आणि उत्तरार्धात तर एका जुन्या विषप्रयोगाचा तपासच सुरू होतो. १९७० मध्ये एका अमेरिकन प्रकाशकानं ही पुन्हा छापली ती लेखिकेची परवानगी न घेता, कारण ती हयात आहे की नाही हेच त्याला ठाऊक नव्हतं. मिर्लीस १९७८ पर्यंत जिवंत होत्या.

जॉन एम. फोर्ड यांच्या ‘द ड्रॅगन वेटिंग’ला (१९८३) वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार मिळाला, तरी फोर्ड २००६ मध्ये वारल्यावर हक्कांचा घोळ झाला आणि २०२० पर्यंत नवी प्रत मिळेना. यातल्या पंधराव्या शतकात बायझंटाइन साम्राज्य टिकून आहे, ख्रिस्ती धर्म एकमेव झालेला नाही, आणि रक्तपिपासूपणा, म्हणजे व्हॅम्पायर होणं, हा एक रोग आहे. पहिल्या तीन प्रकरणांत तीन वेगळी माणसं, तीन वेगळी ठिकाणं. ‘हे काय चाललंय’ असं वाटणारच. चौथ्या प्रकरणात बर्फात अडकलेल्या एका धर्मशाळेत ती एकत्र येतात आणि खरी कादंबरी तिथं सुरू होते. फोर्ड काही म्हणजे काही समजावून सांगत नाही. आधी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डविषयी अर्धा तास वाचून घ्या. नाहीतर शेवटची शंभर पानं नुसती नावांची गर्दी वाटतील.

हलकंफुलकं हवं असेल तर बॅरी ह्यूगार्ट यांची ‘ब्रिज ऑफ बर्ड्स’ (१९८४): कधीच नसलेल्या प्राचीन चीनमधली धमाल, वरवर सुट्या वाटणाऱ्या करामती शेवटी एका गाठीत येतात. पुढचे दोन भाग नाही वाचले तरी चालेल. पॅट्रिशिया मॅकिलिप यांची ‘द फॉरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड’ (१९७४) आणि अर्जेंटिनाच्या आंखेलिका गोरोदिशेर यांची ‘काल्पा इम्पेरियल’ याही घ्या. दुसरीचा इंग्रजी अनुवाद खुद्द अर्सुला ल ग्विन यांनी केलाय, तिची प्रकरणं सुटी-सुटीही वाचता येतात. मार्लेन हाउसहोफर यांची ‘द वॉल’ (१९६३) मात्र निवांत वेळ असेल तेव्हाच. एक अदृश्य भिंत, एक बाई, कुत्रा, गाय, मांजर. प्रकरणं पाडलेलीच नाहीत, त्यामुळे थांबायची जागा सापडत नाही. डेव्हिड लिंडसे यांची ‘अ व्हॉयेज टू आर्क्टुरस’ (१९२०) पहिल्या आवृत्तीत ५९६ प्रती खपून थांबली. भाषा ओबडधोबड आहे हे खरंच. सुरुवातीच्या प्रेतात्म्यांच्या बैठकीतली मॅस्कल, नाइटस्पोर आणि क्रॅग सोडून बाकीची मंडळी पुढे येत नाहीत, त्यांची नावं लक्षात ठेवू नका.

आता विकत घेताना काय चुकतं ते. एकच कादंबरी दोन-तीन नावांनी निघालेली असते. डी. जी. कॉम्प्टन यांची ‘द कंटिन्युअस कॅथरिन मॉर्टनहो’ अमेरिकेत ‘द अनस्लीपिंग आय’ म्हणून आणि नंतर ‘डेथ वॉच’ म्हणूनही निघाली, तिन्ही एकच. उलट कॉर्डवेनर स्मिथ यांची ‘नॉर्स्ट्रिलिया’ आधी ‘द प्लॅनेट बायर’ आणि ‘द अंडरपीपल’ अशा दोन तुकड्यांत छापली गेली, अखंड रूपात ती १९७५ मध्ये आली. तुकडे घेऊ नका. आयएसएफडीबी या मोफत माहितीकोशात लेखकाचं नाव टाकलं की एका कादंबरीची सगळी नावं, सगळ्या आवृत्त्या आणि अनुवादक दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे.

अनुवादित पुस्तक असेल तर हक्कांची माहिती असलेलं पान उघडा आणि ‘कुठल्या भाषेवरून’ ते बघा. अनुवादकाचं नावच नसेल तर ती प्रत ठेवून द्या. हक्कमुक्त जुन्या पुस्तकांच्या स्वस्त ई-प्रतींमध्ये तिरकी अक्षरं गळलेली असतात, कधी अख्खी प्रकरणं गायब; ‘आर्क्टुरस’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, तीच उतरवा आणि विकतच्या प्रतीतली प्रकरणं तिच्याशी मोजून बघा.

पुढची नावं स्वतः शोधायची असतील तर पुरस्कार मिळालेल्यांपेक्षा हुकलेल्यांची यादी बघा. नेब्युला या विज्ञानकथा-फॅन्टसीच्या अमेरिकन पुरस्काराची कुठल्याही जुन्या वर्षाची अंतिम यादी घेतली तर तीतली एक-दोन नावं तरी तुम्ही ऐकलेली नसतात. त्यांतली जी एखाद्या पुनर्मुद्रण मालिकेत, म्हणजे एसएफ मास्टरवर्क्स, एनवायआरबी क्लासिक्स किंवा १९०० ते १९३५ च्या काळासाठी एमआयटी प्रेसची रेडियम एज, पुन्हा निघाली असेल तिच्यापासून सुरुवात करा. मालिकेतल्या प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. त्या बिनदिक्कत शेवट फोडतात.