पॅनकेकला किचन लागत नाही, मोठा तवा लागतो

खानापूरच्या पुढच्या एका गावातल्या ताईंचा प्रश्न आहे. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी, संध्याकाळच्या उपासनेनंतर मंडळीतल्या साधारण 80 जणांना पॅनकेक द्यायचेत. चर्च म्हणजे एक हॉल, पुढं पत्र्याची पडवी आणि मागं बोअरचा नळ. किचन नाही, फ्रिज नाही. घरून करून न्यावेत, हॉलमध्ये दोन इंडक्शन लावावेत, की सरळ केटररला सांगावं?

घरून करून नेऊ नका. बाकीचं नाही वाचलंत तरी एवढं लक्षात ठेवा. पॅनकेक म्हणजे शेवटी धिरड्याचंच भावंड. तव्यावरून उतरल्यावर दहा मिनिटं त्याचं राज्य, मग ते चामडं. हॉटपॉटमध्ये भरून नेलेत तर वाफ धरून खालचे ओले गिच्च होतात आणि एकमेकांना चिकटतात. आम्ही पहिल्या वर्षी हे करून बसलोय. वरचे वीसेक बरे निघाले, खालचे चमच्यानं खरवडून काढले.

इंडक्शनचंही तसंच. दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला आणि हॉलच्या मागच्या खोलीत दोन इंडक्शन एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावले. साधा हिशेब आहे: 2000 वॅटचं एक इंडक्शन 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतं. साधा छोटा सॉकेट असतो 6 अँपिअरचा. मोठा 16 अँपिअरचा सॉकेट असला तर त्यावर एक चालेल, दोन नाही. हे मला तेव्हा कुठं माहीत? पाळकसाहेबांचा संदेश ऐन रंगात आला आणि फ्यूज गेला. माइक बंद, पंखे बंद, दिवे बंद. अंधारात मागच्या खोलीतून करपलेल्या पिठाचा वास. पाळकसाहेब न थांबता मोठ्या आवाजात बोलत राहिले, पण सगळ्या माना मागं वळलेल्या होत्या. त्या दिवशी मंडळीनं चहा-बिस्किटावर भागवलं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. अडचण किचनची नसते. उपासना सगळ्यांची एकदम सुटते आणि पॅनकेक एकेक करून होतात, अडचण ही आहे. म्हणजे प्रश्न तव्याच्या क्षेत्रफळाचा.

बघा हिशेब. माणशी तीन धरा. पोरं पाच खातात, म्हातारी माणसं एकावर थांबतात, सरासरी तीनच येते. 80 जणांना 240. घरचे तीन तवे तीन शेगड्यांवर ठेवलेत तर एका तव्यावर दोन बसतात, दोन्ही बाजू व्हायला आणि पुढचं घालायला मिळून चार-पाच मिनिटं जातात. तासाला सत्तरेक. म्हणजे तीन तासांच्या वर! त्यापेक्षा डोसेवाल्याचा चौकोनी तवा आणा, दोन फूट बाय दीड फुटाचा. त्यावर एका वेळी दहा ते बारा बसतात. कडा थंड असतात म्हणून मी दहाच धरते. तासाला 120. असे दोन तवे असले की तासाभरात काम संपतं. भांडी भाड्यानं देणाऱ्याकडं हा तवा आणि खालचा लांब बर्नर मिळतो. आणलात की आदल्या दिवशी जाडं मीठ आणि तेल घालून तापवून, घासून घ्या. आधीच्या कार्यातला कांदा-लसूण त्या लोखंडात बसलेला असतो आणि तो तुमच्या गोड पॅनकेकमध्ये उतरतो.

तवा पडवीत मांडायचा की अंगणात? अंगणात. पत्र्याखाली धूर आणि उष्णता कोंडते, आणि मंडप घातला असेल तर कापडाच्या जवळ आग नकोच. सिलिंडर उभाच ठेवायचा, बर्नरपासून लांब, सपाट उघड्या जागेवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून खड्ड्यात किंवा पायरीखालच्या कोनाड्यात सिलिंडर ठेवू नका, आणि हॉलच्या आत तर अजिबात नाही. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो. भांडीवाल्याकडून 19 किलोचा कमर्शियल घ्या, त्यात सगळं आरामात होतं. पेटवायच्या आधी पाइपच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. बाजूला वाळूची बादली. आणि एक माणूस असा ठेवा की ज्याला दुसरं काहीच काम नाही, फक्त पोरांना तव्याजवळून हाकलायचं.

फेब्रुवारीत संध्याकाळी तुमच्याकडं वारा सुटतो, ज्योत एका बाजूला पळते आणि अर्धा तवा थंड राहतो. बर्नरच्या तीन बाजूंना पत्रा उभा करा, पण सिलिंडर त्या पत्र्याच्या बाहेर राहू द्या. दुसरं म्हणजे दिवा. ट्यूबलाइट बरोबर तव्याच्या डोक्यावर बांधली की किडे थेट पिठात. दिवा चार-पाच हात बाजूला बांधा.

आता पीठ. एक किलो मैद्याला 8 अंडी, दीड लिटरभर दूध (लागलं तर थोडं वर), 100 ग्रॅम साखर, 45 ग्रॅम बेकिंग पावडर, दोन चमचे मीठ, 150 ग्रॅम वितळलेलं लोणी किंवा तेल. एवढ्यात पन्नासेक होतात, पुरीपेक्षा मोठे आणि भाकरीपेक्षा लहान. तुम्हाला 5 किलो मैदा पुरेल. बेळगावच्या रविवार पेठेतून एकदमच आणा, मैदा आणि साखर दोन्ही तिथंच होईल.

पण हे सगळं घरी कालवून नेऊ नका! एका वर्षी मी दुपारीच कालवलं, मोठ्या पातेल्यात भरलं, झाकण फडक्यानं बांधलं आणि भाच्याच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर ठेवून निघालो. बेकिंग पावडरला ओल लागली की ती फुगायला लागते, तव्याची वाट बघत बसत नाही. दोन स्पीडब्रेकर झाले आणि झाकण एका बाजूनं उचललं, फडकं भिजलं, पीठ सीटवरून खाली. भाचा गाडी थांबवून नुसता बघत उभा. "मावशी, हे काय जिवंत आहे काय?" जे उरलं त्यातला जोर प्रवासातच निघून गेला होता, तव्यावर घातलं तर पॅनकेक पापडासारखे सपाट आले.

म्हणून कोरडं वेगळं, ओलं वेगळं. घरी बसून मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर चाळून किलो-किलोच्या पाच पिशव्या बांधा. तिथं एका वेळी एकच पिशवी कालवायची, ती अर्धी संपली की दुसरी. कालवताना घोटत बसू नका. डोशाच्या पिठासारखं गुळगुळीत झालं पाहिजे ही आपल्या हाताची सवय असते, ती इथं सोडा. बारीक गुठळ्या राहू देत. जास्त घोटलं की मैद्याला ताण येतो आणि पॅनकेक चिवट होतात. पाच मिनिटं झाकून ठेवा, बास.

फ्रिज नाही म्हणता, तर दुधाला नंदिनीचं गुडलाइफ घ्या. ते पॅक फोडेपर्यंत फ्रिजशिवाय टिकतं, फक्त उन्हात ठेवू नका. अंडी 30 च्या ट्रेमध्ये अखंडच न्या आणि तिथं फोडा. फोडून डब्यात भरून नेण्याचा मोह होतो, पण मग बर्फाची पेटी लागते. अंडी फोडणाऱ्यानं दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. बोअर मागं आहे आणि तुम्ही पुढं, म्हणून तोटीचा 20 लिटरचा कॅन एका स्टुलावर, खाली बादली, वर दोरीनं बांधलेला साबण. दोरी बांधा, नाहीतर साबण मातीत.

तव्याचं तंत्र तुम्हाला येतंच. पाणी शिंपडल्यावर थेंब नाचले पाहिजेत, चुर्र होऊन लगेच विरले तर तवा अजून तापायचाय. तेल लावायला अर्धा कांदा काट्याला खोचायची आपल्याकडं पद्धत आहे, ती इथं नको, वास लागतो. वांग्याचं देठ घ्या, किंवा केळीच्या पानाचा जाड दांडा टोकाला ठेचून कुंचल्यासारखा करा. तेल दिसलं नाही पाहिजे, तवा फक्त चमकला पाहिजे. तेल जास्त झालं की कडेला जाळी पडते आणि मधे डाग. 60 मिलीची पळी, पळीनं गोल पसरवायचं नाही, एका जागी ओतून सोडून द्यायचं. वर बुडबुडे येतात. आले म्हणजे उलटायचं असं नाही. बुडबुडे फुटून त्यांची भोकं तशीच उघडी राहिली आणि कडेची चमक गेली, की उलटा. एकदाच. वरून उलथन्यानं दाबू नका, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी दाबतंच. पहिलं तव्याचं, ते मोजायचं नाही.

एका वर्षी आमच्या मंडळीतल्या एक आजी काठी टेकत तव्यापाशी आल्या होत्या. तव्यावर माझा भाऊ होता. त्याला विचारतात, "काय करूलालास रे, धिरडं?" तो म्हणाला, पॅनकेक. त्यांनी एक मोडून खाल्लं, थोडा वेळ चावलं, आणि म्हणाल्या, "धिरडंच की. मीठ विसरलास."

मीठ खरंच विसरलं होतं.

पॅनकेकच्या या मंगळवाराचा मूळ उद्देश घर रिकामं करायचा. उपवासाच्या दिवसांत अंडी, दूध, लोणी चालत नसे, म्हणून आदल्या दिवशी घरात असेल ते पिठात घालून संपवायचं. ईस्टरच्या बरोबर 47 दिवस आधी हा मंगळवार येतो, त्यामुळं तारीख दर वर्षी हलते. इंग्लंडमधल्या ओल्नी गावात या दिवशी बायका हातात तवा घेऊन पॅनकेक उडवत चर्चपर्यंत पळतात, ही शर्यत 1445 पासूनची असं तिथं सांगतात. आपल्याकडं पळापळ होते ती वेगळ्या कारणानं.

वाढायचं कसं, हे खरं विचारायला हवं होतं. शेवटचं गीत सुरू झालं की तोवर निदान 60 तयार पाहिजेत, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेआधी अर्धा तास तवे पेटवा. तयार झालेले स्टीलच्या डब्यात ठेवू नका. बुरुडाकडची बुट्टी घ्या, आत सुती पंचा घाला, भाकऱ्या ठेवतो तशा एकावर एक दहापर्यंत रचा, वरून पंचाचं टोक. बांबूतून वाफ निघून जाते आणि ऊब राहते. मग सगळ्यांना रांगेत उभं करू नका. हॉलमध्ये बसूनच राहू द्या आणि बाकाबाकानं उठवा, आधी म्हातारी माणसं आणि पोरं, प्रत्येकाला दोन. तिसरं-चौथं ज्याला हवं तो तव्याकडं येईल. एकदम पाच-पाच वाढलेत की मागच्या बाकांना काही उरत नाही आणि पुढच्यांच्या ताटात टाकलेले दिसतात.

ताटल्या सुपारीच्या पानाच्या घ्या. पातळ कागदी प्लेट गोडानं भिजून मधूनच वाकते आणि सगळं पांढऱ्या साडीवर.

गोडाला बाटलीतलं विकतचं मेपल सिरप आणू नका, काकवी आणा. गुऱ्हाळं चालूच असतात तेव्हा. गार हवेत काकवी घट्ट होते, चमच्यातून उतरत नाही. डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात उभा करा, दहा मिनिटांत सैल होते. सोबत लोण्याचा गोळा आणि केळ्याच्या चकत्या. गोव्याकडच्या कुटुंबांना गूळ-खोबऱ्याचं सारण घालून गुंडाळलेले आळेबेळे ओळखीचे असतात. सारण घरी करून नेता येतं. पण तो पॅनकेक पातळ लागतो, त्यासाठी एक वेगळी पिशवी बिन-बेकिंग पावडरची बांधा आणि दूध जास्त घाला.

शेजारपाजारचे लोक बोलावणार असाल तर, आणि आपल्या भागात बोलावतोच, लिंगायत आणि जैन घरं असतील. पाचातली एक पिशवी बिनअंड्याची करा: बेकिंग पावडरऐवजी दोन चमचे खाण्याचा सोडा आणि दुधाऐवजी आंबट ताक. नुसतं पीठ वेगळं करून भागत नाही. तवा वेगळा, पळी वेगळी, उलथनं वेगळं, आणि ते पाहुण्यांना दिसेल असं. दोन तवे असतील तर एक शेवटपर्यंत बिनअंड्याचाच ठेवा. त्यांना न विचारता खाता आलं पाहिजे.

चहा तीन दगडांच्या चुलीवर टाकून द्या, त्याला फार डोकं लावू नका.

केटररचं म्हणाल तर 80 जणांसाठी नको. तव्यावर चार जण, कालवायला दोन, वाढायला सहा, एवढी माणसं मंडळीत निघतात. तव्यावरची माणसं अर्ध्या-पाऊण तासानं बदला, त्यांनाही खायचं असतं. पुढं कधी 200 च्या वर गेलात तर मात्र पॅनकेकचा नाद सोडा आणि शिरा करा. आणि तवा परत देताना धुवून नका देऊ. गरम असतानाच खरवडून, पुसून, तेलाचा हात फिरवून द्या. धुतलेला तवा दुसऱ्या दिवशी गंजून भांडीवाल्याकडं पोचतो आणि पुढच्या वर्षी तो तुम्हाला सगळ्यात वाकडा तवा काढून देतो.