उंबऱ्याला लागून परत गेलेलं पाणी

हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यांचे प्रश्न येतात ते बहुतेक बियाणं, खत आणि फवारणीचे. या वेळी मात्र पूर, वीज, पावसाचा अंदाज आणि विमा यांवरचे प्रश्न जास्त आले. वरवर ते हवामानाचे दिसतात. मी ते पुन्हा वाचले, तेव्हा निम्मी गोष्ट आपल्या मनाची आहे असं वाटलं. म्हणून उत्तरंही त्याच अंगानं देतो आहे.

प्रश्न: आमचा गोठा नदीकाठी आहे. आजवर तीन मोठे पूर पाहिले. गेल्या वेळी पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं, आत कधीच आलं नाही. तरी दरवर्षी जनावरं हलवायची आणि मोटार काढायची तयारी ठेवावी का?

उत्तर: हो, ठेवावी. तुमचा अनुभव खोटा नाही, पण तोकडा आहे. नदीच्या वयापुढे तीन पूर म्हणजे काहीच नाही. रॉबर्ट केट्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी १९६२ साली पूरक्षेत्रात राहणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं आपल्या अनुभवाच्या कैदेत असतात, असं त्यांना आढळलं. आपण पाहिलेला सर्वांत मोठा पूर हाच नदीचा सर्वांत मोठा पूर, असं आपण धरून चालतो.

त्यातही उंबऱ्याला लागून परत गेलेलं पाणी फार फसवं. त्याचे दोन अर्थ लागतात. एक, 'इथवर आलं पण आत आलं नाही, म्हणजे जागा सुरक्षित आहे.' दुसरा, 'आणखी वीतभर चढलं असतं तर गोठा गेला असता.' पाणी तेच, पण पहिला अर्थ लावणारा पुढच्या वर्षी निवांत राहतो आणि दुसरा दावी सैल करून ठेवतो. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सली या अमेरिकी संशोधकांनी चक्रीवादळांबाबत हेच तपासलं. थोडक्यात बचावलेल्यांना आपण सुरक्षितच होतो असं वाटलं, तर त्यांची पुढची तयारी कमी होते. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. इथे ठेच लागता लागता राहिली, आणि तेवढ्यानं शहाणपणही राहून गेलं.

पुष्कळ जण विचारतात, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर परवाच येऊन गेला, मग आता भीती कसली?' नदी हिशेबाची वही ठेवत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. परवा तो आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. एखादा माणूस ३० वर्षं त्याच जमिनीवर राहिला, तर त्या काळात निदान एकदा तसा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

बांध उंचावला म्हणून निश्चिंत झालेल्यांसाठीही एक गोष्ट. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी पुरापासून बचावाच्या उपायांवरचा आपला अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या आणि नंतरच्या संशोधकांच्या कामातून दिसलं ते असं, की बांध झाला की लोक त्याच्या आडोशाला आणखी घरं आणि गोठे बांधतात. छोटे पूर थांबतात. पण बांधावरून वाहणारा मोठा पूर आला, तर नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होतं.

आता करायचं काय ते सांगतो. तयारी भीतीच्या भरवशावर ठेवू नका. भीती पावसात येते आणि उन्हात जाते. कोरड्या दिवसांत एक खूण ठरवा आणि तिच्यापुढे काम लिहून ठेवा : 'पाणी या खुणेला लागलं की जनावरं सोडायची.' 'जेव्हा असं होईल, तेव्हा हे करीन' अशा शब्दांत ठरवलेलं काम नुसत्या 'बघू, करू' पेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे.

ही खूण गोठ्याच्या भिंतीवर मारू नका. बहुतेक जण तीच चूक करतात. गोठ्याकडे येणाऱ्या वाटेवर सखल मोरी असेल, तर ती गोठ्याच्या कितीतरी आधी बुडते. मग गोठा कोरडा आणि जनावरं अडकलेली. म्हणून खूण मोरीवर हवी, आणि तीही मागे मोजून. सगळी जनावरं उंचावर न्यायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून पाहा. रात्र, पाऊस आणि बिथरलेली जनावरं धरून त्याच्या दुप्पट वेळ धरा. तेवढ्या वेळात पाणी जितकं चढू शकतं, मोरी बुडण्याच्या पातळीपेक्षा तितकी खाली खूण हवी. मोटार आणि स्टार्टर कोण काढणार, वीज कोण बंद करणार, तेही नावानिशी लिहा. 'सगळ्यांनी मिळून' असं लिहिलं की कुणीच करत नाही. आणि हलवायला वेळच उरला नाही, तर निदान दावी सोडा. बांधलेल्या जनावराला पोहताही येत नाही.

प्रश्न: पावसाची शक्यता ३० टक्के सांगतात आणि पाऊस येतच नाही. मग अंदाज ऐकायचा कशाला?

उत्तर: ३० टक्के म्हणजे दहांपैकी सात वेळा पाऊस येणारच नाही. म्हणजे अंदाज खोटा ठरलेला नाही. हा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही. गर्ड गिगेरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना हेच विचारलं. कुणी ३० टक्के वेळ पाऊस असं म्हणालं, कुणी ३० टक्के भागात. 'असे दहा दिवस असतील तर त्यांतल्या तीन दिवशी पाऊस' हा अर्थ फक्त न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्यांना कळला होता.

खरा प्रश्न किती टक्क्यांचा नाही, काम कोणतं याचा आहे. काढलेलं पीक ढिगात उघडं असेल, तर ताडपत्री टाकायला अर्धा तास लागतो आणि भिजलं तर वर्ष जातं. तिथे ३० टक्केही पुष्कळ झाले. आंतरमशागत मात्र नुसत्या ३० टक्क्यांसाठी पुढे ढकलू नका.

प्रश्न: पाच वर्षं विम्याचा हप्ता भरला, काहीच मिळालं नाही. बंद करू का?

उत्तर: काही मिळालं नाही म्हणजे पाच वर्षं पीक वाचलं. हे वाचून चिडू नका. बहुतेकांचं मन असंच चालतं. अमेरिकेत पूरविमा घेतलेल्यांची नोंद तपासली, तेव्हा लोक साधारणपणे दोन ते चार वर्षंच तो चालू ठेवतात असं दिसलं. आपण विम्याकडे गुंतवणूक म्हणून पाहतो, त्यामुळे पैसे वाया गेले असं वाटतं. भरपाई मिळण्यातल्या अडचणी ही वेगळी तक्रार आहे आणि ती खरी असू शकते. ती लेखी करा, पण तिच्यामुळे विमा सोडू नका.

विमा काढून बाकी सगळी तयारी सोडणाऱ्यांनाही एक सांगेन. एल्के वेबर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला. हवामान बदलतंय असं मानणारे शेतकरीही पिकाची पद्धत, विक्रीचं नियोजन किंवा सरकारी मदतीची मागणी यांपैकी सहसा एकच उपाय धरून बसत. एक काम झालं की मनाची टोचणी थांबते, आणि टोचणी थांबली की दुसरं काम राहतं. आठवणही अशीच फसवते. थॉमस सारिनेन या भूगोलतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रेट प्लेन्स या अमेरिकेतल्या मैदानी भागातल्या गहू पिकवणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी दुष्काळ प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितले आणि चांगली वर्षं जास्त. म्हणून पावसाची आणि उत्पन्नाची वही ठेवा. आठवण पर्जन्यमापक नाही.

प्रश्न: विजा चमकताना काम कधी थांबवावं? शेजारी तर थांबत नाहीत.

उत्तर: शेजारीही तुमच्याकडेच बघत असतील. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा ३० च्या आत आला की काम तिथेच टाकून पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. मोजायचं काम आधीच एकाला द्या आणि तो म्हणेल तेव्हा सगळ्यांनी निघायचं.

प्रश्न: वडील म्हणतात, नशिबात असेल ते होईल. त्यांना कसं पटवू?

उत्तर: बुडालेल्या गोठ्यांचे फोटो दाखवू नका. नुसती भीती घातली आणि करायचं काय ते सांगितलं नाही, तर माणूस कान बंद करतो. त्यांना मोरीपाशी घेऊन जा. त्यांच्या लहानपणी पाणी कुठून आत शिरलं आणि कोणती वाट आधी बुडाली ते विचारा. त्यांनी पाहिलेला पूर तुम्ही पाहिलेला नाही. मग रंगाचा डबा त्यांच्याच हातात द्या आणि खूण त्यांनाच मारू द्या.