नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात रोज ५ किमी धावते. टाच आपटते, नंतर गुडघा दुखतो. कोच लावून फरक पडेल का?

हो, पडेल, मात्र पहिल्याच दिवशी बाजूने आणि मागून व्हिडिओ काढून तुमचं धावणं बघणारा कोच निवडा, नुसतं वेळापत्रक हातात देणारा नको. मी नवी मुंबईत हौशी धावपटूंना शिकवतो. टाच आपटण्याचं मूळ बहुतेक वेळा लांब टाकलेल्या पावलांत असतं: पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि दर पावलाला ब्रेक लागतो. म्हणून वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं ५ ते १० टक्के वाढवायची, म्हणजे १६० असतील तर १६८ ते १७६. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात एवढ्या बदलाने गुडघ्यावरचा भार कमी झालेला दिसला. सगळ्यांनी १८०च गाठायची, असा हट्ट धरणाऱ्याचं ऐकू नका. चवड्यावर धावायची सक्तीही नको. त्याने ताण पोटरी आणि अकिलीस टेंडनवर, म्हणजे टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर, जातो. सुरुवातीला ज्वेलच्या सपाट वाटेवर वाढवलेल्या पावलांनी धावायचे एकेक मिनिटाचे तुकडे पुरेत. गुडघ्याला सूज असेल किंवा जिना उतरतानाही दुखत असेल, तर कोचच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.