बिल्डरच्या सेल्समनने टोकनची रक्कम खाल्ली, तर बिल्डर जबाबदार असतो का?

हो. तुम्ही लिहिलंय की बुकिंगसाठी दिलेलं टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, सेल्समनने खाल्ली आणि बिल्डर हात झटकतोय. वाकडच्या साइट ऑफिसमध्ये, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून बसलेल्या माणसाने बुकिंगसाठी पैसे घेतले असतील, तर ते बिल्डरनेच घेतले असं कायदा धरतो. "तो आता नोकरी सोडून गेला, तुमचं तुम्ही बघा" हे बिल्डरचं उत्तर चालत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 238 सांगतं की प्रतिनिधीने मालकाचं काम करताना केलेली फसवणूक मालकावर बंधनकारक असते. कलम 237 त्याहून तुमच्या कामाचं आहे: प्रत्यक्षात अधिकार नसला, पण मालकाच्या बोलण्या-वागण्यातून तो आहे असं तुम्हाला वाटलं, तरी मालक बांधला जातो. ऑफिस, टेबल, कंपनीचं पावतीपुस्तक त्याच्या हाती दिलं कोणी?

मात्र पैसे कुठे आणि कोणत्या नात्याने दिले, यावर सगळं अडतं. स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी (1978) खटल्यात बाईंनी रक्कम ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला दिली, त्याने ती हडपली. सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं नाही, कारण त्याने ती बँकेचा नोकर म्हणून नव्हे, स्नेही म्हणून घेतली होती. तुम्ही चहाच्या टपरीवर रोख देऊन वहीच्या कागदावर सही घेतली असेल, तर बाजू लंगडी पडेल.

आजच एवढं करा:
- शिक्क्याची पावती, व्हॉट्सॲप संदेश, बँकेची नोंद जपून ठेवा
- बिल्डरला वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा